बागेशेजारची बंद कंपनी रहिवासी होणार असेल तर काय करायचं? कागद, हरकत आणि सुनावणी, सगळं क्रमाने

ठाण्यात कोलशेत, बाळकुम, पोखरण रोड, घोडबंदर आणि खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रोडचा पट्टा, इथे राहणाऱ्यांनी हे चित्र पाहिलेलंच आहे. कंपनी बंद पडते, काही वर्षं गेटवर एक वॉचमन बसलेला असतो, आत झाडी माजते, मग एक दिवस कंपाउंडला पत्रे लागतात आणि त्यावर टॉवरचा फोटो येतो. शेजारी महापालिकेची बाग किंवा मैदान असेल तर लोक तेव्हा जागे होतात, ग्रुपवर मेसेज फिरतात, नगरसेवकाला फोन जातात. पण पत्रे लागले म्हणजे बहुतेक परवानग्या होऊन गेलेल्या असतात आणि त्यानंतर हातात फार काही उरत नाही. म्हणून हा लेख त्या आधीच्या काळाबद्दल आहे, जेव्हा जमीन अजून नकाशावर जांभळी म्हणजे औद्योगिक आहे आणि ती पिवळी म्हणजे रहिवासी करायची हालचाल सुरू आहे किंवा होऊ शकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून टाकते. औद्योगिक जमीन रहिवासी होणं म्हणजे दर वेळी वाईटच असं मला वाटत नाही. केमिकलची जुनी कंपनी जाऊन तिथे लोक राहायला आले तर बागेत खेळणाऱ्या पोरांच्या फुप्फुसांना ते बरंच आहे. प्रश्न असा असतो की त्या बदलात बागेला काय मिळतं आणि बागेचं काय जातं, आणि हे ठरत असताना शेजारच्या लोकांना कोणी विचारलं का. आपल्याकडे विचारायची सोय कायद्यात आहे, पण सगळ्या बाबतीत नाही, आणि ती कुठे आहे न कुठे नाही हे कळणं ही अर्धी लढाई आहे.

आधी दोन्ही जमिनींचे कागद

दोन्ही म्हटलं ते मुद्दाम. सगळे कंपनीच्या जागेचे कागद शोधतात आणि बागेचे कोणीच शोधत नाही.

कंपनीच्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा. जुनी कंपनी असेल तर गेटजवळच्या फलकावर पत्ता असतो, नाहीतर आजूबाजूच्या सोसायटीच्या कागदांत चतु:सीमा लिहिलेल्या असतात, त्यात 'पूर्वेस स.नं. अमुक' असं सापडतं. मग महाभूलेखवर सातबारा आणि फेरफार बघा, सिटी सर्व्हे असेल तर प्रॉपर्टी कार्ड. फेरफार नीट वाचा. मालक बदलला का, बँकेचा बोजा आहे का, नवी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) आली का, कारण औद्योगिक जमीन एखाद्या रिअल्टी एलएलपीच्या नावावर झाली की पुढचा बेत काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

नंतर महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. फी भरून अर्ज केला की मिळतो. यात त्या सर्व्हे नंबरवर कुठला वापर विभाग आहे, आरक्षण आहे का, डीपी म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता जातो का, हे सही-शिक्क्यानिशी मिळतं आणि पुढे सगळीकडे हाच कागद लागतो. ठाण्याच्या बाबतीत दोन नकाशे बघायला लागतात, एक 1999 सालचा मंजूर आराखडा आणि दुसरा 2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेला सुधारित प्रारूप आराखडा. नवी मुंबईत मूळ आराखडा सिडकोचा, 1979 मध्ये मंजूर झालेला, आणि महापालिकेने स्वतःचा प्रारूप आराखडा 2022 मध्ये काढला. दोन नकाशांत एकाच जागेचा रंग वेगळा दिसला तर तिथेच तुमची गोष्ट सुरू होते.

आणि प्राधिकरण कोण तेही याच वेळी पक्कं करा. ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, सिडको आणि एमआयडीसी, चौघांचे नियम आणि खिडक्या वेगळ्या. एमआयडीसीच्या हद्दीत जमीन विकलेली नसते, 95 वर्षांच्या लीजवर दिलेली असते आणि वापर बदलायचा तर एमआयडीसीकडे जावं लागतं, महापालिकेच्या आयुक्तांना कितीही निवेदनं दिली तरी ते हात वर करतात आणि त्यात त्यांचं खोटंही नसतं. मुंबई आणि काही ठिकाणं सोडून राज्यभर 2020 पासून लागू असलेली बांधकाम-विकासाची एकत्रित नियमावली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, ती एमआयडीसीच्या हद्दीला लागू नाही, त्यांची स्वतःची नियमावली आहे.

आता बागेकडे या. ही बाग कागदावर नक्की काय आहे? चार शक्यता असतात. एक, ती विकास आराखड्यात 'बगीचा' किंवा 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित आणि महापालिकेच्या ताब्यात आहे, ही सगळ्यात भक्कम. दोन, ती एखाद्या जुन्या लेआउटची मोकळी जागा आहे, लोक ज्याला आरजी म्हणतात, म्हणजे हक्क त्या लेआउटमधल्या लोकांचा. तीन, एमआयडीसीच्या लेआउटमधली ओपन स्पेस, जिचं रूप एमआयडीसी आपल्या पातळीवर बदलायचा प्रयत्न करू शकते. चार, कुठेच काही नाही, नुसता रिकामा प्लॉट होता, कुठल्यातरी नगरसेवकाने निधीतून बाकडी टाकली, झोपाळे लावले आणि लोक त्याला गार्डन म्हणायला लागले. चौथ्या प्रकारात तुम्ही शेजारच्या कंपनीशी भांडत बसाल आणि बागच पायाखालून निघून जाईल. तसं असेल तर आराखड्यात ती जागा बगीचा म्हणून दाखवून घ्या ही तुमची पहिली मागणी असली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

अजून एक बघा. बऱ्याच ठिकाणी बागेचं आरक्षण कंपाउंडपलीकडे कंपनीच्या जमिनीतही गेलेलं असतं, म्हणजे बाग मोठी व्हायची होती पण तेवढा तुकडा महापालिकेने कधी ताब्यातच घेतला नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 127 असं सांगतं की आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. मालक ही नोटीस गाजावाजा न करता देतो. ती आली आहे का, कुठल्या तारखेला, हे माहिती अधिकारात विचारता येतं आणि विचारलंच पाहिजे.

बदल कुठल्या वाटेने चाललाय

इथे जरा थांबून वाचा कारण लोकांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. औद्योगिकचं रहिवासी व्हायच्या वाटा वेगळ्या आणि प्रत्येक वाटेवर तुमचा हक्क वेगळा.

पहिली वाट म्हणजे अख्ख्या आराखड्याची सुधारणा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, याच एमआरटीपी कायद्याच्या कलम 26 खाली हरकती-सूचना मागवतात, मुदत नोटिशीतच छापलेली असते, मग नियोजन समिती सुनावणी घेते, ज्यात स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात, आणि शेवटी कलम 31 खाली सरकार मंजुरी देतं. इथे कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. पण हजारो हरकतींत तुमची एक, म्हणून ती नेमकी हवी.

दुसरी वाट कलम 37 ची, म्हणजे मंजूर आराखड्यात एखाद्याच जागेपुरता फेरबदल. याचा क्रम असा की महासभेचा ठराव, प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव, मग राजपत्रात आणि पेपरात नोटीस, नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्यात हरकती, मग सुनावणी, मग प्रस्ताव नगरविकास विभागाकडे, तिथे नगररचना संचालकांचा अभिप्राय आणि शेवटी राजपत्रात अधिसूचना. कधी सरकार स्वतःच नोटीस काढतं, ते 37 च्या पोटकलम 1अअ खाली, आणि तेव्हा हरकती महापालिकेत नाही तर नोटिशीत लिहिलेल्या अधिकाऱ्याकडे जातात, आपल्याकडे साधारण कोकण भवनातले नगररचना सहसंचालक. चुकीच्या टेबलावर दिलेली हरकत धरली जाईल याची खात्री नाही, म्हणून नोटिशीची शेवटची ओळ दोनदा वाचा.

कलम 37 बद्दल एक धारदार मुद्दा लक्षात ठेवा. या कलमाखाली फक्त असाच बदल करता येतो ज्याने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नाही. हे कायद्यातच लिहिलंय. आधीच मोकळी जागा कमी असलेल्या प्रभागात आणखी हजारो लोक आणणारा आणि बागेचं वाढीव आरक्षण काढणारा बदल हा 'किरकोळ' कसा, हा प्रश्न हरकतीत विचारायलाच हवा.

तिसरी वाट सगळ्यात जास्त वापरली जाते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. युडीसीपीआरमध्ये औद्योगिक विभागाच्या नियमांतच अशी तरतूद आहे की प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीने औद्योगिक विभागातली जमीन रहिवासी किंवा व्यापारी वापरासाठी वापरता येते. ऑफिसात याला 'आय टू आर' म्हणतात. यात नकाशाचा रंग बदलायची गरज पडत नाही, म्हणून राजपत्र नाही, पेपरात नोटीस नाही, हरकती नाहीत. अटी असतात. कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो की कामगारांची देणी दिली आहेत किंवा समाधानकारक तोडगा निघालाय, सुविधांसाठी ठरावीक टक्के जमीन सोडावी लागते, उरलेल्या उद्योगापासून अंतर ठेवावं लागतं. पण तुम्हाला कोणी विचारत नाही. लोक महिनोन्‌महिने 'नोटीस कधी निघणार' याची वाट बघत बसतात आणि नोटीस निघणारच नसते.

म्हणून सगळ्यात आधी नगररचना विभागाला लेखी एकच प्रश्न विचारा: या सर्व्हे नंबरवर वापर बदलाचा प्रस्ताव आलाय का आणि तो कुठल्या कलमाखाली किंवा नियमाखाली? उत्तर आलं की पुढचा रस्ता ठरतो.

फाईल बघायची

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत लिहावा लागतो, फी 10 रुपये, ऑनलाइन पण करता येतो. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, त्यावर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं. असं लिहा:

'मौजे अमुक, स.नं. अमुक या मिळकतीबाबत दि. अमुक ते आजपर्यंत वापर विभाग बदल, औद्योगिक वापरातून रहिवास वापर, कलम 37 खालील फेरबदल किंवा कलम 127 खालील खरेदी सूचना याबाबत प्राप्त अर्ज, त्यावरील टिपणी पृष्ठे, अभिप्राय व निर्णय यांच्या प्रती द्याव्यात. तत्पूर्वी मला सदर संचिकेचे अवलोकन करावयाचे आहे, तारीख व वेळ कळवावी.'

अवलोकन मागाच. फाईल प्रत्यक्ष बघायला पहिला तास फी नाही. फाईलमध्ये दोन बाजू असतात, एकीकडे पत्रव्यवहार आणि दुसरीकडे टिपणी, आणि खरी गोष्ट टिपणीत असते. कनिष्ठ अभियंत्याने किंवा सर्व्हेअरने जागेवर जाऊन काय लिहिलं, पुढे वरच्याने त्यावर काय शेरा मारला. कुठेतरी 'लगत महापालिकेचे उद्यान आहे' असं एक वाक्य असतं किंवा नसतं. नसेल तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तयार झाला, की शेजारी सार्वजनिक बाग आहे ही गोष्ट निर्णय घेणाऱ्यापुढे मांडलीच गेली नाही. पानांचे नंबर टिपून घ्या, हवी ती पानं 2 रुपये पानाने मिळतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, ते लांबवू नका.

जागेवर जाऊन काय बघायचं

कागद झाले की दोन-तीन जणांनी मिळून बागेच्या कडेने चालून या, सकाळी एकदा आणि पावसाळ्यात एकदा जमलं तर फारच चांगलं. मोबाईलमध्ये तारीख-वेळ-लोकेशन दिसेल असे फोटो काढा.

पाणी बघा. कंपनी बहुतेक वेळा उंचावर असते किंवा भराव घालून उंच केलेली असते आणि तिचं पावसाचं पाणी एखाद्या उघड्या गटारातून किंवा नाल्यातून बागेच्या कडेने जातं. आज आतल्या अर्ध्या जमिनीत माती आहे, पाणी मुरतं. उद्या तिथे पोडियम पार्किंग झालं, सगळं काँक्रीट झालं की तेच पाणी कंपाउंडच्या खालून बागेत येणार. भिंतीला जिथे ओल, शेवाळ आणि मातीचा गाळ साठलेला दिसतो तिथला फोटो घ्या, त्याच्याशेजारी स्केल किंवा छत्री उभी करून. सुनावणीत असा एक फोटो पाच पानांच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

सावली बघा, आणि इथे साधं गणित आहे जे कोणीही करू शकतं. ठाणं साधारण 19 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर, दक्षिणेकडे असतो, म्हणजे इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीइतकीच पडते. 100 मीटरचा टॉवर बागेच्या दक्षिणेला उभा राहिला तर थंडीत भर दुपारी 90 मीटरच्या आसपास सावली, आणि सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब, वायव्येकडे झुकलेली. म्हणजे ज्या वेळी म्हातारी माणसं उन्हाला बसायला येतात नेमकी तीच वेळ जाते. टॉवर बागेच्या उत्तरेला असेल तर हा मुद्दा जवळपास नाहीच, तेव्हा तो उगाच घालू नका, हरकतीत एक मुद्दा चुकीचा निघाला की बाकीच्यांचं वजन पण कमी होतं.

झाडं मोजा. कंपाउंडच्या आतली मोठी झाडं, पिंपळ, वड, पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, बाहेरून दिसतात तेवढी. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं असं शेजारी लावून प्रिंट काढा. अर्ज यायच्या आधीच झाडं गायब व्हायला लागली तर तेही त्यात दिसतं.

माती आणि वास हा मुद्दा केमिकल, रंग, औषध, प्लेटिंग असल्या कंपन्यांसाठी. जुन्या कामगारांशी बोला, चाळीत किंवा जवळच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी भेटतंच. ड्रम कुठे ठेवायचे, गाळ कुठे टाकायचे, जमिनीखाली टाक्या होत्या का, हे त्यांना माहीत असतं आणि कुठल्याच रिपोर्टात नसतं. त्यांच्याशी बोलायचं दुसरं कारण म्हणजे त्यांची देणी राहिली असतील तर कामगार आयुक्तांचा दाखला निघता कामा नये, आणि त्या माणसांना आपल्या जुन्या कंपनीच्या जागेचं काय चाललंय हे बऱ्याचदा कोणी कळवलेलंच नसतं. बागेसाठी भांडताना त्यांच्या हक्काचे पैसे विसरू नका.

हरकत लिहिताना

छापील एकच मजकूर पाचशे लोकांनी सह्या करून दिला तर तो एकच मुद्दा म्हणून एकत्र निकाली काढतात. त्यापेक्षा दहा लोकांनी दहा वेगळे, स्वतःच्या जागेशी जोडलेले मुद्दे लिहिलेले बरे. सही करणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि 'मला सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहून म्हणणे मांडायचे आहे' हे वाक्य हवंच. दोन प्रती न्या, आवकमध्ये द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. मेल पण करा, पण शिक्का सोडू नका.

नुसता 'आमचा विरोध आहे' याला काही किंमत नाही. बदल होऊ नये ही पहिली मागणी असली तरी खाली लिहा की बदल केलाच तर या अटी घाला. काही लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं अटी मागितल्या म्हणजे मान्यता दिली. तसं नाही. 'वरील हरकतीस बाध न येता' एवढे शब्द घातले की झालं. आणि खरं सांगायचं तर या अटींतूनच बागेला जे काही मिळायचं ते मिळतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी अट ही की नव्या लेआउटची मोकळी जागा कुठे असावी. 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडावीच लागते. विकासक ती मध्यभागी टॉवरच्या मधे ठेवतो, गेटच्या आत, आणि ब्रोशरमध्ये सेंट्रल पार्क म्हणून छापतो. नियमाने ती त्या लेआउटच्या रहिवाशांसाठी असते, तुमच्या-आमच्यासाठी नाही. तेव्हा अधिकारी म्हणाले की 'अहो ते पण ओपन स्पेस देतायत ना' तर सांगा की ती सार्वजनिक नाही. मागणी अशी करा की ही मोकळी जागा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे महापालिकेला द्यायची सुविधा जागा, बागेच्या हद्दीला लागूनच असावी, म्हणजे सुविधा जागा बागेत मिळवता येईल आणि टॉवर आपोआप मागे सरकतील.

दुसरी अट, बाग आणि इमारती यांच्या मधे सार्वजनिक रस्ता किंवा निदान पायवाट. बागेला चिकटून सोसायटीची भिंत आली की हळूहळू त्या बाजूचं गेट बंद होतं, मग ती बाग त्या सोसायटीच्या पाठीमागचं अंगण होऊन बसते. मधे रस्ता असला की बाग सगळ्यांची राहते, त्या बाजूने दुकानं येतात, वर्दळ राहते, संध्याकाळी बायकांना तिथून जायला भीती वाटत नाही.

मग पाण्याचा निचरा, उंची, झाडं आणि माती. नमुन्यादाखल एक परिच्छेद देते, आपल्या जागेप्रमाणे बदला:

'प्रस्तावित जागेच्या उत्तर हद्दीस लागून महापालिकेचे उद्यान असून मंजूर विकास योजनेत त्याच उद्यानाचे वाढीव आरक्षण प्रस्तावित जागेत आहे. प्रस्तावात या आरक्षणाच्या संपादनाबाबत कोणताही उल्लेख नाही. सदर बदलाने परिसरातील लोकसंख्या वाढणार असल्याने उद्यानाची गरज वाढणार आहे, कमी होणार नाही. त्यामुळे प्रथम सदर आरक्षणाचा ताबा महापालिकेने घ्यावा, तोपर्यंत वापर बदलास मंजुरी देऊ नये. वरील हरकतीस बाध न येता, मंजुरी दिल्यास सुविधा क्षेत्र उद्यानाच्या हद्दीस सलग ठेवावे, उद्यान व इमारतींमध्ये सार्वजनिक रस्ता ठेवावा व जमिनीच्या मातीची तपासणी बांधकामापूर्वी करून अहवाल प्रसिद्ध करावा.'

आरक्षणाच्या ताब्यासाठी पैसे नाहीत असं उत्तर येईल. तेव्हा टीडीआर (म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घ्या किंवा समावेशक आरक्षणाच्या तत्त्वावर घ्या असं म्हणता येतं, पण समावेशक आरक्षणात मालकाला त्याच आरक्षित जागेचा काही भाग बांधायला मिळतो, त्यामुळे बागेसाठी मी टीडीआरच मागेन.

सुनावणीत

वेळ थोडा मिळतो, काही मिनिटं. पाच-सहा जणांनी मुद्दे वाटून घ्या, एकाने पाणी, एकाने आरक्षण, एकाने रस्ता. भाग नकाशाची मोठी रंगीत प्रिंट न्या आणि टेबलावर पसरा, अधिकाऱ्याला बोट ठेवून दाखवा. विकासकाचा आर्किटेक्ट पण तिथे असतो, त्याच्याशी वाद घालू नका, जे काही आहे ते अधिकाऱ्याशी. जाताना लेखी म्हणणं परत एकदा द्या आणि सुनावणीचा वृत्तांत मागून घ्या, त्यात तुमचा मुद्दा लिहिला गेलाय का ते तपासा, नसेल तर लगेच पत्र द्या. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर हाच कागद उघडला जातो.

नोटीसच नसेल तर

आय टू आर असेल तर हरकतीची खिडकी नाही, पण बाजूच्या खिडक्या आहेत.

झाडं तोडायची असतील तर 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाला नोटीस काढावी लागते, झाडावरही चिकटवतात, आणि हरकतीला 7 दिवस मिळतात. फार कमी मुदत आहे, म्हणून बागेत रोज फिरणाऱ्या कोणाला तरी हे काम द्या की कंपाउंडच्या झाडांवर कागद दिसला की फोटो टाकायचा.

20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. अशा इमारतींना जनसुनावणी नसते, पण केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, नकाशे, बैठकांचे इतिवृत्त बघता येतात. अर्जात 'आसपासची संवेदनशील ठिकाणं' या रकान्यात तुमची बाग, तलाव, खाडी लिहिली आहे का बघा आणि नसेल तर राज्याच्या मूल्यांकन समितीला पत्र लिहा.

येऊरच्या बाजूला असाल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं इको सेन्सिटिव्ह झोन डिसेंबर 2016 मध्ये अधिसूचित झालंय, सर्व्हे नंबर त्यात येतो का ते बघा. खाडीच्या बाजूला असाल तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जे 2022 पासून रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, आणि कांदळवनाच्या भोवती 50 मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायचा हे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठणकावून सांगितलंय. मातीबद्दल जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढले, त्यात संशयित जागांची यादी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला देणं हे स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाचं काम आहे. जुन्या केमिकल कंपनीच्या जागेसाठी आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना 'ही जागा यादीत घ्या' असं पत्र आजच देता येतं, त्याला कुठल्या नोटिशीची वाट बघावी लागत नाही.

कोर्ट

हा शेवटचा टप्पा, पैसा आणि वर्षं दोन्ही खाणारा. पण आपल्याच भागातलं उदाहरण माहीत असू द्या. घणसोलीत क्रीडा संकुलासाठी ठेवलेली जागा, तिचा काही भाग सिडकोने खासगी विकासकाला दिला आणि सरकारने संकुल थेट रायगडमध्ये माणगाव तालुक्यात हलवायचं ठरवलं. नवी मुंबईतल्या आर्किटेक्ट लोकांची संस्था कोर्टात गेली, उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. त्याआधी 1991 मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, मुद्दप्पा केस म्हणून ती ओळखली जाते, बागेसाठी राखलेली जागा खासगी हॉस्पिटलला देणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं होतं आणि बागेसाठी कोर्टात जायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे हेही मान्य केलं होतं. वकिलाकडे जाताना शिक्का मारलेली हरकत, सुनावणीचा वृत्तांत आणि टिपणीची पानं घेऊन जा, ती नसतील तर चांगला वकीलसुद्धा काही करू शकत नाही.

मंजुरी झाल्यावर

इथे सगळे दमून घरी जातात आणि अटी कागदावर राहतात. मंजूर लेआउटची प्रत घ्या, सुविधा जागा आणि रस्ता कुठे दाखवलाय त्यावर खूण करा. भोगवटा दाखला म्हणजे ओसी द्यायच्या आधी ती जमीन महापालिकेच्या ताब्यात आली पाहिजे, तेव्हा ओसीचा अर्ज आला की नगररचनाला पत्र द्या की ताबा पावती झाली आहे का. पर्यावरण मंजुरीचे सहामाही अनुपालन अहवाल बघत राहा. आणि सगळ्यात शेवटी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड परत काढा, त्या तुकड्यावर महापालिकेचं नाव लागलेलं दिसेपर्यंत दर सहा महिन्यांनी काढत राहा, नुसती ताबा पावती असून नाव न लागलेल्या जागा पुढे मालकाच्या वारसांकडून परत मागितल्या जातात. नाव लागलं की मग उद्यान विभागाकडे जा आणि मधली कंपाउंडची भिंत पाडायचा प्रस्ताव द्या.